वाचनाचे श्रम आणि स्वीकृतीचे शुल्क

मुक्तप्रवेश प्रकाशनासंबंधीची आपल्याकडील चर्चा सामान्यतः दोन टोकांना होत असते. एका टोकाला ज्ञानाच्या मुक्तीची भाषा असते, तर दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांविषयीचा उद्वेग. दोन्ही प्रतिक्रियांना आधार आहे. परंतु दोहोंत एक साधी गोष्ट निसटून जाते. शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी तो कोणी वाचला काय, आणि त्या वाचनाचा खर्च कोणी सोसला, हा तो प्रश्न होय. मी मराठीचा अध्यापक आहे, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो, आणि अधूनमधून नियतकालिकांसाठी परीक्षक म्हणून निबंध वाचतो. ह्या तिन्ही भूमिकांतून मला असे वाटू लागले आहे की, गुणवत्तेचा प्रश्न व खर्चाचा प्रश्न हे वस्तुतः दोन प्रश्न नाहीत. ते एकाच प्रश्नाचे दोन उच्चार आहेत.

प्रथम संकल्पनेविषयी. १९९१ साली पॉल गिन्सपार्ग ह्यांनी भौतिकशास्त्रातील निबंधांच्या पूर्वप्रतींसाठी जो संग्रह सुरू केला, त्याने एक गोष्ट सिद्ध केली: निबंधाची प्रत वाचकापर्यंत नेण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणता येतो. पुढे फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट येथील जाहीरनाम्याने ‘मुक्त प्रवेशा’ची व्याख्या केली. वाचकाला निबंध विनामूल्य वाचता यावा, उतरवून घेता यावा, त्याची प्रत काढता यावी व ती इतरांना देता यावी, असा तिचा आशय होता. ह्याच जाहीरनाम्यात एक इशाराही होता, आणि तो सहसा विसरला जातो: वाचकासाठी विनामूल्य असणे म्हणजे निर्मितीला खर्च नसणे नव्हे. कागद, छपाई व टपाल हे खर्च वजा झाले, तरी संपादन, परीक्षण, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि जतन हे खर्च उरतातच. वर्गणीदार गेला, मग हा खर्च कोणी द्यावयाचा?

एक उत्तर असे मिळाले की, तो लेखकाने, म्हणजे प्रत्यक्षात लेखकाच्या संस्थेने किंवा अनुदान देणाऱ्याने द्यावा. ‘पीएलओएस वन’ हे नियतकालिक २००६ मध्ये सुरू झाले, तेव्हा स्वीकृत निबंधासाठी त्याचे शुल्क १,२५० डॉलर होते. निबंधाचे महत्त्व किती ह्याचा निर्णय वाचकांवर सोपवून, त्याची पद्धती निर्दोष आहे किंवा नाही एवढेच परीक्षकांनी पाहावे, असे त्याचे धोरण होते. दुसऱ्या टोकाला ‘नेचर’ आहे. त्याने २०२१ पासून मुक्तप्रवेशाचा पर्याय निवडणाऱ्या लेखकासाठी ९,५०० युरो एवढी रक्कम ठरविली. हे आकडे विज्ञानातील मोठ्या अनुदानांच्या जगातले आहेत. मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ते परीकथेतले वाटावेत. परंतु त्यांच्यामागील तर्क आपल्यापर्यंत पोहोचला आहे. रक्कम लहान झाली, तर्क तोच राहिला.

हा तर्क तपासून पाहिला पाहिजे. वर्गणीच्या व्यवस्थेत पैसे देणारा हा वाचक किंवा ग्रंथालय असते. लेख वाईट निघत गेले, तर वर्गणी थांबू शकते. ही शक्यता नेहमीच कार्यक्षम असते असे नाही. मोठ्या प्रकाशनसंस्थांनी नियतकालिकांचे गठ्ठे विकून ती पुष्कळशी निष्प्रभ केली. तरीही पैशाचा ओघ वाचनाच्या बाजूने येत होता. लेखकाकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कात पैशाचा ओघ स्वीकृतीच्या बाजूने येतो. नाकारलेल्या निबंधावर परीक्षणाचे सर्व श्रम खर्च होतात आणि उत्पन्न काहीच होत नाही. स्वीकारलेल्या निबंधावर श्रम वाचविले, तर शुल्क निव्वळ नफा ठरते. प्रामाणिक संस्था ह्या मोहापासून स्वतःला वाचविण्यासाठी हिशेब व संपादन ह्यांत भिंत उभारतात. पैसे कोणी भरले आणि कोणाला माफी मिळाली हे संपादकाला कळू दिले जात नाही. परंतु भिंत उभारावी लागते, ह्यातच मोहाची कबुली आहे.

हा मोह किती बलवान असतो ह्याची जाहीर परीक्षा २०१३ मध्ये झाली. जॉन बोहॅनन ह्यांनी मुद्दाम ढोबळ दोष पेरलेला एक बनावट शोधनिबंध शुल्क घेणाऱ्या ३०४ मुक्तप्रवेश नियतकालिकांना पाठविला. १५७ नियतकालिकांनी तो स्वीकारला आणि ९८ नियतकालिकांनी नाकारला. ‘सायन्स’मध्ये ही हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हा रास्त आक्षेप असा घेतला गेला की, हाच निबंध वर्गणीवर चालणाऱ्या नियतकालिकांना पाठवून पाहिलेला नाही. आपल्या क्षेत्रातील वाचकांना तर हा आक्षेप विशेष पटावा. १९९६ साली अ‍ॅलन सोकल ह्यांचा उपहासात्मक बनावट लेख ‘सोशल टेक्स्ट’ने छापला. त्या वेळी ते नियतकालिक मुक्तप्रवेश नव्हते, लेखकाकडून पैसेही घेत नव्हते; मात्र तेथे बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेण्याची पद्धत नव्हती. म्हणजे फसवणूक शुल्काशिवायही होऊ शकते. तिला वाचनाचा अभाव पुरेसा असतो. शुल्क त्या अभावाला धंद्याचे रूप देते.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. बोहॅनन ह्यांचा निबंध नाकारणाऱ्यांमध्ये हिंदावी ह्या प्रकाशनसंस्थेची नियतकालिके होती. ही संस्था २०२१ मध्ये वायली ह्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने २९ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतली. त्यानंतर पाहुण्या संपादकांच्या विशेषांकांतून निबंधांचे कारखाने आत शिरल्याचे उघडकीस आले. २०२३ ह्या एका वर्षात हिंदावीच्या नियतकालिकांतील ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, आणि त्या वर्षाअखेरीस हे नावच सोडून देण्याचा निर्णय वायलीने जाहीर केला. दहा वर्षांपूर्वी ज्या नावाने परीक्षा उत्तीर्ण केली, ते नाव दहा वर्षांनंतर विश्वासार्ह राहिले नाही. ह्याचा अर्थ असा की, गुणवत्ता हा नियतकालिकाच्या नावाला कायमचा चिकटलेला गुणधर्म नव्हे. ती प्रत्येक निबंधागणिक नव्याने घडणारी क्रिया आहे.

ही गोष्ट ध्यानात घेतली, म्हणजे आपल्याकडील याद्यांच्या इतिहासाकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे विद्यापीठ अनुदान आयोगाने आवश्यक केले. २०१० पासून अध्यापकांच्या नेमणुकीत व बढतीत शोधनिबंधांना गुण मिळू लागले. मागणी अशी निर्माण झाल्यावर पुरवठा होणारच होता. आयएसएसएन हा केवळ नोंदीचा क्रमांक. तो गुणवत्तेची हमी देत नाही. परंतु आपल्या महाविद्यालयांत तो क्रमांक एखाद्या राजमुद्रेसारखा मिरवू लागला. मग आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी प्रसिद्ध केली. २०१७ मध्ये तीत तीस हजारांहून अधिक नावे होती. पुण्यातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, विद्यापीठांनी सुचविलेल्या नावांपैकी १,००९ नियतकालिकांचे विश्लेषण २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट ठरली. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नावे वगळली, तेव्हा काही चांगली नियतकालिकेही वगळली गेल्याची तक्रार झाली. त्यानंतर ‘केअर’ यादी आली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षातून चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाल्याचे जाहीर झाले. आता सूचक निकष दिलेले आहेत आणि निर्णय संस्थांवर सोपविलेला आहे.

यादी करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु यादी ही मुळात न वाचण्याची सोय आहे. निवड समितीतील सदस्याला उमेदवाराचा निबंध वाचावा लागू नये, कोणीतरी आधीच वाचला आहे असे गृहीत धरता यावे, यासाठी ती असते. यादीतील नियतकालिकानेही तो वाचलेला नसेल, तर लेखक, संपादक, परीक्षक आणि समिती ह्या साखळीत एकही वाचक उरत नाही. वाचकाशिवाय संहितेला अर्थ नाही, असे आपण वर्गात शिकवितो. येथे तर कोणीच न वाचलेल्या संहितेला गुण मिळतात, पद मिळते, वेतनश्रेणी मिळते. वाचकनिष्ठ समीक्षेच्या कोणत्याही प्रवर्तकाने ह्या शक्यतेची कल्पना केली नसावी.

माझ्यापुरते सांगावयाचे तर, ह्या व्यवस्थेची खरी हानी मला वाईट निबंधांत दिसली नाही. ती एका चांगल्या निबंधात दिसली. माझ्या परिचयाचा एक अभ्यासक तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवीत असे. तमाशातील वगांच्या छापील चोपड्या त्याने जत्रांतून, जुन्या बाजारांतून व फडांतील माणसांकडून जमविल्या होत्या. एकाच वगाच्या दोन चोपड्यांत शेवट कसा बदलतो, मुद्रकाने कोणता भाग गाळला, ह्याविषयी त्याने लिहिलेला निबंध मी हस्तलिखितात वाचला होता. त्यात दुरुस्त्या हव्या होत्या. परंतु त्यातील निरीक्षणे कोठेही आधी आलेली नव्हती. २०१७ साली प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ आली. एका नामांकित त्रैमासिकाकडून उत्तर येण्यास काही महिने लागणार होते. भ्रमणध्वनीवर आलेल्या एका जाहिरातीत मात्र तीन दिवसांत स्वीकृती, प्रमाणपत्र व एक मुद्रित प्रत असे सर्व काही २,००० रुपयांत मिळत होते. त्याने पैसे भरले. निबंध एका ‘बहुविद्याशाखीय’ अंकात, कुक्कुटपालन व बँकांची थकीत कर्जे ह्यांवरील निबंधांच्या मध्ये, एकाही स्वल्पविरामाच्या दुरुस्तीशिवाय प्रसिद्ध झाला. काही वर्षांनी त्या नियतकालिकाचे संकेतस्थळच नाहीसे झाले.

ह्या अभ्यासकाला दोष देणे मला जमत नाही. नियमाने त्याच्याकडे जे मागितले, ते त्याने दिले. आणि २०२२ च्या नियमावलीने प्रबंधापूर्वीच्या निबंधाची सक्ती काढून टाकली, तेव्हा त्याला त्याचा उपयोग उरला नव्हता. परंतु हानीचा हिशेब करावयाचा, तर तो २,००० रुपयांचा नाही. परीक्षकाने जे प्रश्न विचारले असते ते विचारले गेले नाहीत, आणि निबंध जितका चांगला होऊ शकला असता तितका झाला नाही. एकदा प्रसिद्ध झाल्यामुळे तो दुसरीकडे पाठविता येईना. आणि आज तो कोणालाही सापडत नाही. ज्याला मुक्त प्रवेश म्हटले गेले, तेथे आता प्रवेश करण्यासारखे दारच शिल्लक नाही. जतनाची हमी नसलेला मुक्त प्रवेश हा मुक्त प्रवेश नव्हे, हे ह्या प्रकरणाने मला शिकविले.

येथे कोणी म्हणेल की, आमच्या वैचारिक नियतकालिकांची परंपरा ह्याहून किती निराळी होती! होती, हे खरे आहे. १८६७ मध्ये सुरू झालेले ‘विविधज्ञानविस्तार’, वाईच्या प्राज्ञपाठशाळामंडळाचे १९४७ पासूनचे ‘नवभारत’, १९६२ साली सुरू झालेले ‘आलोचना’, १९७७ पासूनचे ‘अनुष्टुभ’ ही नियतकालिके काही नफ्यासाठी निघाली नव्हती. अशा नियतकालिकांना जगविले ते मोजक्या वर्गणीदारांनी, क्वचित एखाद्या देणगीने, आणि सर्वांत अधिक म्हणजे न मोजलेल्या श्रमांनी. हस्तलिखितावर चार पानांचे पत्र लिहिणारा संपादक, मुद्रिते तपासणारी घरातील माणसे, पत्ते लिहिणारे विद्यार्थी ह्यांचा खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नसे. म्हणूनच आपला असा समज झाला की, चांगले संपादन फुकट होते. ते फुकट नव्हते. त्याचे देयक कोणी पाठविले नाही, इतकेच.

शिवाय ह्या परंपरेचे भावविवश स्मरण करतानाही एक सावधगिरी बाळगावी लागते. संपादकाची अभिरुची हे गुणवत्तेचे साधन होते, तसेच ते वगळण्याचेही साधन होते. कोणाचे अनुभव ‘वाङ्मयीन’ आणि कोणाचे ‘केवळ सामाजिक’, हा निर्णय ज्या वर्तुळात होत असे, त्या वर्तुळाबाहेरच्यांना आपली नियतकालिके स्वतः काढावी लागली. गंगाधर पानतावणे ह्यांचे ‘अस्मितादर्श’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तेव्हा दार सताड उघडे असावे की द्वारपाल असावा, असा पर्याय मांडणे चुकीचे आहे. द्वारपालाने आपला निर्णय कारणांसह सांगावा आणि ती कारणे तपासता यावीत, ही मागणी महत्त्वाची आहे. मुक्तपणा वाचकाच्या बाजूने जितका हवा, तितकाच तो निर्णयाच्या बाजूनेही हवा.

परीक्षणाला खर्च किती येतो? मी स्वतःचा हिशेब ठेवून पाहिला आहे. पाच हजार शब्दांचा निबंध नीट वाचावयास, त्यातील अवतरणे मूळ आवृत्तीशी ताडून पाहावयास आणि लेखकाला उपयोगी पडेल असे दोन पानांचे टिपण लिहावयास मला पाच ते सहा तास लागतात. आवृत्ती आमच्या ग्रंथालयात नसेल, तर एक दिवस जातो. ह्या कामाचे मला मानधन मिळत नाही, आणि माझ्या संस्थेच्या वार्षिक अहवालात त्यासाठी रकाना नाही. मी एखाद्या चर्चासत्रात अध्यक्ष म्हणून अर्धा तास बसलो, तर त्याची नोंद होते. एका तरुण अभ्यासकाच्या निबंधातील कालानुक्रमाची गफलत वेळीच दाखवून दिली, तर होत नाही. जे मोजले जात नाही ते कमी होत जाते. चांगले परीक्षक मिळत नाहीत ही संपादकांची तक्रार व्यक्तींच्या आळसापेक्षा ह्या हिशेबाविषयी अधिक सांगते.

जगात ह्यावर काही उत्तरे शोधली गेली आहेत. वाचकाकडूनही नाही आणि लेखकाकडूनही नाही, अशा तऱ्हेने चालणाऱ्या नियतकालिकांना ‘डायमंड’ असे नाव मिळाले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अशा नियतकालिकांची संख्या १७,००० ते २९,००० असावी असा अंदाज केला. त्यांतील बहुतेक लहान आहेत आणि पुष्कळशी स्वयंसेवेवर चालतात. म्हणजे आपली जुनी त्रैमासिके ज्या रीतीने चालली, त्या रीतीचे हे नवे नाव आहे. ब्राझीलमध्ये १९९८ पासून ‘सायेलो’ ह्या सार्वजनिक निधीवरील व्यवस्थेने पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांतील नियतकालिकांना एकत्र जागा, समान निकष व जतनाची हमी दिली. इंग्रजीच्या बाहेरील विद्याव्यवहाराला स्वतंत्र पायाभूत व्यवस्था लागते आणि ती सार्वजनिक पैशातून उभी राहू शकते, हे त्यावरून दिसते. नियतकालिक चालविण्याची मुक्त संगणकप्रणालीही विनामूल्य उपलब्ध आहे. तंत्राचा खर्च हा आता मुख्य अडथळा राहिलेला नाही.

आपल्याकडे पैसाच नाही, हेही पूर्ण खरे नाही. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीत २०२५ ते २०२७ ह्या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशनसंस्थांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी उच्चशिक्षणसंस्थांना उपलब्ध व्हावयाची आहेत. लहान गावातील विद्यार्थ्याला ही नियतकालिके मिळणे ही मोलाची गोष्ट आहे, आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु ही तरतूद इतरांनी केलेले प्रकाशन वाचण्यासाठी आहे. भारतीय भाषांतील विद्वत्तेचे संपादन व परीक्षण करण्यासाठी ह्या रकमेचा अगदी लहान अंशही वेगळा काढला गेला, तर मराठीसारख्या भाषेतील अभ्यासनियतकालिकांचे चित्र पालटू शकेल. कारण आपल्याला लागणारा पैसा फार नाही. तो योग्य ठिकाणी, म्हणजे वाचनाच्या कामावर, खर्च व्हावयास हवा.

माझ्या सूचना मर्यादित आहेत. मराठी नियतकालिकांनी निबंध कधी आला, कधी परत पाठविला गेला आणि कधी स्वीकारला गेला, ह्या तारखा निबंधासोबत छापाव्यात. तीन दिवसांची स्वीकृती त्यामुळे आपोआप उघडी पडेल. परीक्षकाची संमती असेल तेथे त्याचे टिपणही प्रसिद्ध करावे. ते स्वतंत्र समीक्षालेखनाइतकेच वाचनीय ठरू शकते. कोठेही शुल्क घ्यावेच लागले, तर त्याचा स्वीकृतीशी संबंध नसावा आणि त्याचा हिशेब वर्षाअखेरीस जाहीर व्हावा. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी एकत्र येऊन एक सामाईक संग्रह उभारावा, म्हणजे एखादे नियतकालिक बंद पडले तरी त्यातील निबंध नाहीसे होणार नाहीत. आणि परीक्षण व संपादन ह्यांची अध्यापकाच्या शैक्षणिक कार्यात नोंद व्हावी. शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे, आणि तीच मान्य होणे सर्वांत अवघड आहे. कारण ती मान्य करताना निवड समित्यांनाही निबंधांची संख्या मोजण्याऐवजी एखाददुसरा निबंध वाचावा लागेल.

समीक्षेच्या अभ्यासकांना ह्या प्रश्नात इतर विद्याशाखांहून अधिक जबाबदारी घ्यावी लागेल असे मला वाटते. वाचन हे श्रम आहेत, त्यांना पद्धती असते, त्यांचे निष्कर्ष कारणांसह मांडावे लागतात, ही आपल्या शास्त्राची मूळ धारणा आहे. ग्रंथाला जी लावतो ती कसोटी आपण आपल्या प्रकाशनव्यवहाराला लावणार नसू, तर ती धारणा केवळ वर्गापुरती उरेल. निबंध वाचकाला विनामूल्य मिळावा हे ठीकच. परंतु त्यापूर्वी तो एका माणसाने पूर्ण वाचलेला असावा, आणि त्या माणसाच्या वेळाची किंमत लेखकाच्या गरजेतून वसूल केलेली नसावी. एवढी अट पाळली गेली, तर ‘मुक्त’ ह्या शब्दाला मराठीत काही अर्थ प्राप्त होईल.